बाबांना लंडन दाखवताना

६ मे २००६, नॉटिंगहॅम
आई-बाबा पुण्याहून आले, आता जरा रुळलेत. महिनाअखेरीला सोमवारची बँक हॉलिडेची सुट्टी जोडून येते, त्या वीकेंडला लंडनला जायचं. मंदार म्हणतो, सासू-सासऱ्यांना जमेल तेवढं दाखवू. मला सगळं नीट बसवायचंय. शनिवारी नदीकाठ: टॉवरचा जुना किल्ला, पूल, बोट, म्हणजे उलटसुलट फिरणं नको. रविवारी राजवाडा, म्युझियम. बाबांना नकाशा दिला, हवं तिथे खुणा करा म्हटलं. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, तर म्हणाले, "तूच ठरव गं."

१३ मे
नकाशाची घडीसुद्धा मोडलेली नाही. आईला विचारलं, बाबांना यायचं नाहीये का?
"येतील की. मध्ये मध्ये बसायला जागा ठेव."
गुडघे दुखतात का? नुसतं "हं" म्हणाली. 

२७ मे, लंडन
टॉवरमध्ये राजा-राण्यांचे मुकुट बघायला भली मोठी रांग. बाबा काचेपाशी मान तिरकी करून उभे. आई त्यांच्या कानाशी, "मधे मोठा हिरा आहे, खाली जांभळी मखमल." मला वाटलं, कौतुक चाललंय.
बाहेर येताना शेवटची पायरी चुकली आणि बाबा पडले. तळहात सोलवटला. मी चिडले, "बघून चाला ना बाबा."
आई म्हणाली, "दिसत असतं तर चालले असते."
मग बाकावर बसून सगळं कळलं. बाबांना समोरचं, मधलं दिसत नाही. कडेचं तेवढं दिसतं. आधी एक डोळा, आता दुसराही. डॉक्टर म्हणालेत, गेलं ते परत येणार नाही. मला सांगायचं नाही, असं बाबांनीच आईला बजावलेलं.
"तू एवढ्या हौसेने बोलावलंस," बाबा म्हणाले. "विरस कशाला करायचा?"
मंदार चहा घेऊन आला. बोट चुकली.  मी बाबांच्या तळहातावर रुमाल बांधला.

२८ मे
म्युझियम रद्द. आज काय करायचं, बाबांनाच विचारलं. म्हणाले, पुलावर नेऊन उभं कर.
"पाणी कुठल्या बाजूला चाललंय?"
मी बघून सांगितलं. त्यांनी समुद्र कुठल्या अंगाला, ते विचारलं. तेही सांगितलं.
"म्हणजे उलटं चाललंय. भरती आहे." चेहरा एकदम उजळला. "वर्गात इतकी वर्षं सांगितलं, या नदीत समुद्र आत येतो म्हणून. पाहिलं मात्र कधी नव्हतं."
'पाहिलं' म्हणाले.
आई म्हणाली, "चला आता, वारा आहे."
"थांब गं जरा."
थांबलो. राजवाडा राहिला तो राहिलाच.

३ जून, नॉटिंगहॅम
मंदारचा मित्र इथे डोळ्यांचा डॉक्टर आहे. एकदा घेऊन ये म्हणाला, आशा लावू नकोस म्हणाला. बाबांचं ठाम नाही. "तेच परत ऐकायला कशाला जायचं?"
भांडी विसळताना आई म्हणाली, "तू विचारत राहा. मला नाही म्हणताना आवाज चढतो त्यांचा. तुझ्यावर नाही चढला."

५ जून
आज विचारलं नाही. जेवताना बाबांनीच मंदारला विचारलं, "तुझ्या त्या मित्राचं हॉस्पिटल चालत जाण्यासारखं आहे का?"
मंदार म्हणाला, "बस आहे."
"बरं," म्हणाले, आणि ताटातला भात चाचपत राहिले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढलं.