फळ्यावरची अक्का

सोनगीर, मंगळवार, २० ऑगस्ट १९९१

वाचनालयाबाहेरचा फळा चार वर्षं लिहितोय. अक्षर मोठं ठेवायचं, आठ ओळींत संपवायचं, सोमवारी नवा मजकूर, एवढं कळलं. लोकांनी थांबून वाचावं म्हणून या वेळी शेजारच्या अक्काला श्रावणात कानबाईच्या सणाला करतात त्या प्रसादाच्या रोटांबद्दल विचारलं. ती म्हणाली होती, "बठ्ठा भाऊ एकच चुल्हावर जेवतस." मी तिच्या नावाने लिहिलं, 'सर्व बंधू एकत्र भोजन करतात.' शुद्ध करायच्या नादात चूलच गेली.

अक्काला वाचता येत नाही. आज संध्याकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून फळ्यापाशी आली. मीच वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि खाली तिचं नाव आल्यावर म्हणाली, "हाई कोन बाई शे, भाऊ?"

मी हसलो. का हसलो? घरी आईशी मीही असाच बोलतो की. ती चूल, तेवढी तरी ठेवायला काय झालं होतं?

ती गेल्यावर फडकं हातात घेतलं होतं. पुसलं नाही. अक्षर फार सुंदर आलं होतं.