मुक्काम तुझ्या दारी

प्रिय दादा,

तुझी लेक उद्या सकाळी पहिल्यांदाच परराज्यात ट्रक घेऊन निघते आहे. लहानपणी तुझं बोट धरून मी नकाशावर गावं शोधायची. तिचा रस्ताही मी तसाच, बोट फिरवत आखला.

"आत्या, बाबांचा घाटातला रस्ता साठ किलोमीटरनं जवळ आहे," ती म्हणाली.

"बाबा धान्य न्यायचे, बाईसाहेब. तू एवढं उंच यंत्र नेतेस." मी भरलेल्या गाडीची उंची टेप लावून मोजली. घाटात ज्या पुलाखालून जावं लागतं, त्याच्या उंचीपेक्षा वीतभर जास्तच निघाली. मग लांबचा हमरस्ता धरला, दोन्ही राज्यांचे परवाने तपासले आणि नियमाप्रमाणे आठ तासांच्या चालवण्यानंतर मुक्काम ठेवला.

तो मुक्काम तुझ्या गावात येतो. मुद्दाम नाही रे. बरं, थोडा मुद्दाम. तुझ्या अंगणात ट्रक सहज मावेल. तिनं स्टिअरिंग हातात घेतल्यापासून तू तिच्याशी बोलला नाहीस, माझ्याशीही नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. आधी कळलं, तर घराला कुलूप लावून तू कुठेतरी निघून जाशील. पण ती दमून दारात उभी राहिली, की आत घेशील. तुला मी चांगली ओळखते.

तुझी,
धाकटी