उडी उशिरा लागते

वाकड,
३ फेब्रुवारी २०२५

ती. गुरुदत्तमामांस,
सलिलचा शि. सा. न. वि. वि.

कंपनीतल्या प्रेस शॉपच्या धडधडाटाने तुमचे कान नेले, म्हणून फोन न करता लिहितोय. आमचा ‘ढांग’ गेम बाजारात आला. जुन्या टीव्ही-गेमसारखा: पळायचं, खड्डे आले की उड्या मारायच्या. नोकरी सोडून वर्षभर मी आणि सिद्धेशने यावरच काढलं.

लोकांचं काही कळत नाही. एकाने लिहिलं, लहानपण परत मिळालं, डोळे भरून आले. दुसरा विचारतो, उडीसाठी बटण दाबायचं की अर्ज द्यायचा? एका नावाजलेल्या समीक्षकाने चित्रांची, संगीताची तारीफ केली आणि शेवटी लिहिलं, उडी उशिरा लागते. दहापैकी पाच.

सिद्धेश म्हणतो, उडी दुरुस्त कर, नाहीतर मी दुसरीकडे नोकरी धरतो. पण लहानपणी मी तुमच्या चिंचवडच्या घरी दोन महिन्यांची सुट्टी असाच टीव्ही-गेम खेळण्यात घालवली. उडी तेव्हाही अशीच होती, बटण थोडं आधी दाबावं लागायचं. तीच तर गंमत होती. तिला हात लावला तर हा माझा गेम राहणार नाही. तुम्ही तर शेजारी बसून बघायचात. सिद्धेशला पटेल असं चार ओळींत लिहून पाठवा.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ दहापैकी पाचावर आणू नये.

तुमचा,
सलिल


चाकण,
११ फेब्रुवारी २०२५

चि. सलिल यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझी मामी म्हणते, वर्षभर उड्या मारून पोरगा वाळला असेल, त्याला जेवायला बोलवा. तेव्हा ये.

आता कामाचं. सिद्धेशला दाखवायला चार ओळी मागितल्यास, पण मला खोटं लिहिता येत नाही. त्या गेमची उडी उशिरा लागत नव्हती. तू येण्याच्या आदल्या आठवड्यात बटणाखालचं रबर फाटलं. मी कंपनीच्या भंगारातून गाडीच्या दाराच्या रबराचा तुकडा आणून बसवला. तो ताठ निघाला. बटण पार तळापर्यंत दाबल्याशिवाय उडी लागायची नाही. रविवारी नवीन रबर आणतो म्हणालो होतो. रविवारी ओव्हरटाइम लागला, पुढच्याही रविवारी लागला. तोवर तुझा हात बसला आणि मी विसरून गेलो.

तीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. आमच्याकडे मास्टर पीस असतो, प्रत्येक पार्ट त्याच्याशी ताडून बघायचा. तुझं काम चोख आहे रे, पण तुझा मास्टर पीसच रिजेक्ट होता, आणि तो मी दिला होता. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय. त्या सुट्टीत तू एकदाही तक्रार केली नाहीस. केली असतीस तर बरं झालं असतं.

सिद्धेशचं ऐक. सूनबाईला, सलोनीला आशीर्वाद सांग. कान गेले तरी माया जागेवर आहे, हे ध्यानात असू दे.

तुझा,
गुरुदत्तमामा


वाकड,
२ मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. रागच आला होता, खोटं कशाला सांगू? मग सिद्धेशला वाचायला दिलं. तो इतका हसला की शेवटी मलाही हसू आलं.

आम्ही उडी वेळेवर लागेल अशी केली. सिद्धेश थांबला. त्या समीक्षकाने पाचाचे सात केले. ज्याचे डोळे भरून आले होते तो मात्र भडकलाय, जुनी मजा घालवलीत म्हणतो. त्याच्याही घरी कुणी दाराचं रबर बसवलं होतं की काय, विचारायला हवं.

सलोनीने जन्मात गेम खेळला नव्हता. काल तिच्या हातात दिला, ती पहिल्या फटक्यात पलीकडे गेली. मग मी घेतला. माझा अंगठा अजूनही आधीच दाबतो, मामा, कितीही बजावलं तरी. खड्डा यायच्या आधीच उडी लागते आणि मी आत. गेम आता सगळ्यांना जमतो, एकट्या मला जमत नाही.

रविवारी जेवायला येतोय. ओव्हरटाइम नाही. लोभ धरून ठेवा, मी सारखा पडतोय.

तुमचा,
खड्ड्यातला भाचा
सलिल