मोठा आप्तपरिवार

प्रिय आई,

काल तुझी तेरवी झाली. पाहुणे पांगले. दादा-वहिनी आज सकाळी अमरावतीला परतले. त्यांना खाली गाडीपर्यंत पोहोचवून वर आल्यावर दार ढकललं आणि सवयीनं क्षणभर थांबणं झालं. तू आतून "आलं का?" म्हणशील म्हणून. मग लक्षात आलं की या घरात माझ्याविषयी नीट मराठी बोलणारं आता कोणी उरलेलं नाही. तुझ्याशिवाय तसं बोलणं कोणाला जमतच नव्हतं. म्हणून तुलाच लिहायला घेतलं.

तुला मी पहिल्यांदा कुठे सांगितलं, आठवतं? बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात, गच्चीवर. भिवापूरहून मामानं मिरच्या पाठवल्या होत्या आणि तू त्यांचे देठ खुडत बसली होतीस. मी म्हटलं, "आई, मी मुलगी नाही. मुलगाही नाही. दोन्हीतलं काहीच म्हणू नकोस मला." तू हात न थांबवता विचारलंस, "मंग काय म्हणू?" माझ्याकडे इंग्रजीतला शब्द होता, मराठीतला नव्हता. तू दोन-चार मिरच्या आणखी खुडल्यास आणि म्हणालीस, "लेकरू म्हणतो ना मंग. ते तं तू आहेच."

बस्स, एवढंच. मी किती वर्षं घाबरून काढली होती, आणि तू एका वाक्यात मोकळी झालीस. रडायची माझी तयारी होती, ती मिरच्यांच्या नावावर खपून गेली.

ऑफिस बंगलोरचं, काम घरून; तिथे हे सोपं होतं गं. तिथलं सगळं बोलणं इंग्रजीत. मी एका सकाळी सांगितलं की मला 'ही' नको, 'शी' नको, 'दे' (they) म्हणा, लोकांनी बरं म्हटलं आणि कामाला लागले. त्यांचं काही गेलं नाही. मराठीत मात्र जेवण झालं एवढं सांगायचं तरी आधी बाई की पुरुष याचा जबाब द्यावा लागतो. म्हणून मी वाक्यं फिरवायला लागणार हे ठरलेलंच होतं. 'दमले-दमलो' नाही, 'दम लागला'. 'उशिरा आले-आलो' नाही, 'यायला उशीर झाला'. तू हे बरोबर ओळखलंस. "इंग्रजीवाल्याईचं बरं आहे," म्हणालीस, "आपल्याले तं झोपणं-उठणं सगळंच बदलावं लागते. पण एवढी कसरत कायले करतं? आमच्या भिवापुरात बायाही 'मी जातो' म्हणत. कोणाचं काय अडलं?"

तुझी स्वतःची कसरत काय कमी होती? आपल्याकडे बाईशी बोलताना वाक्याच्या शेवटी वं येतो, पुरुषाशी बोलताना गा. तू माझ्यापुरते दोन्ही सोडलेस. सुरुवातीला तुझं वाक्य शेवटाशी येऊन अडखळायचं, अंधारात पायरी चाचपावी तसं. मग तुला 'बाप्पा' सापडला. "काहून बाप्पा, जेवलं नाही का अजून?" आणि एकदा खाली नव्यानंच राहायला आलेल्या काकू जोरात बोलत होत्या तेव्हा तू त्यांना दटावलंस, "हळू बोला, आमचं प्रांजल झोपून राहिलं." काकूंचे डोळे मोठे. "कोणाचं लेकरू आलं वं? बारसं कधी आहे?" तू शांतपणे म्हणालीस, "माह्यंच आहे. चौतीस वर्षांचं." काकू झबलं-टोपडं घेऊन आल्या नाहीत हेच नशीब. त्या दिवशी आपण किती हसलो होतो.

आता हसू येत नाही. आता मुद्द्याचं सांगते असं कोणी म्हणेल, सांगतो असं कोणी म्हणेल. मला नुसतं सांगायचं आहे.

धंतोलीतल्या हॉस्पिटलात तू दादाला जवळ बोलावलंस, तेव्हा मी खिडकीशी, तुझी औषधं लावत. आपल्याकडे घाटावर शोकसभा होते, चिता पेटली की सगळे शेडखाली जमतात, कोणी ना कोणी उठून दोन शब्द बोलतं आणि गेलेल्याच्या पश्चात कोण कोण आहे ते वाचून दाखवावं तसं सांगतं, हे तुला पक्कं माहीत होतं. बाबांच्या वेळी तू स्वतः घाटावर होतीस. कॉलनीतले निमजे काका बोलताना "एक मुलगा, एक मुलगी" म्हणाले तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं होतंस. तेव्हा मी तुला काहीच सांगितलेलं नव्हतं, तरी तू पाहिलंस. ते तुझ्या मनात राहिलं असणार. कारण दादाचा हात धरून तू म्हणालीस, "माह्या वेळी मुलगा-मुलगी नको करू. दोन लेकरं सांगजो. एवढंच कर."

दादा म्हणाला, "हो वं आई, सांगतो ना. तू काहून टेंशन घेऊन राहिली?"

आई, एक विचारू? त्याला का सांगितलंस? मी तिथेच होते-होतो, काय म्हणशील ते, हाताच्या अंतरावर. मला सांगायचं होतंस. मोठा मुलगा म्हणून त्याच्या शब्दाला वजन, हे खरं. पण ज्याला शब्द द्यायला एवढा कमी वेळ लागतो, त्याला तो पाळायला किती जड जातो, हे तुला आई असून कळलं नाही?

घाटावर निमजे काकाच उभे राहिले. वय झालंय त्यांचं, पण कॉलनीत कोणी गेलं की बोलायला तेच. सुरुवात करण्याआधी ते दादाजवळ वाकले. "पश्चात कोण कोण म्हणायचं गा?" मी दादाच्या शेजारीच. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या सासऱ्यांकडे, बँकेतल्या साहेबांकडे, भिवापूरहून आलेल्या मामाकडे. मग म्हणाला, "मोठा आप्तपरिवार म्हणून टाका, काका."

आणि काका म्हणाले, "सुमनताईंच्या पश्चात मोठा आप्तपरिवार आहे."

कोणाला काही खटकलं नाही. असं तर नेहमीच म्हणतात, ज्यांना मूलबाळ नसतं त्यांच्याबद्दल तर हमखास. दोन लेकरांची आई तू, आणि तुझ्या चितेसमोर तुझ्या नावावर एकही लेकरू लागलं नाही. शेवटी शोकसभेच्या अध्यक्षांनी विचारलं, "आणखी कोणाला बोलायचं आहे?" मला बोलायचं होतं. पण दादाच्या शेजारून पुढे जाणं झालं नाही. मग दोन मिनिटं सगळे गप्प उभे होते, आणि त्या शांततेत मला तुझा इतका राग आला की वाटलं, तू आत्ता असायला हवी होतीस, भांडायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मी दादाला गाठलं. वहिनी चहा गाळत होती, ती गुपचूप बाहेर गेली. मी म्हटलं, "आईला काय कबूल केलं होतंस?"

तो म्हणाला, "मी तुले मुलगी म्हणू देल्लं काय? नाही ना देल्लं? मंग काहून रागावून राहिली वं?"

त्याला खरंच वाटत होतं की त्यानं मला सांभाळून घेतलं. मी म्हटलं, "मला लेकरू म्हटलं नाहीस ते नाहीसच, स्वतःलाही नाही म्हटलंस. आई कोणाचीच नाही राहिली." मग तो ओट्याला टेकला. डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "लेकरू म्हटलं असतं ना," तो म्हणाला, "तं मी तिथंच खाली बसलो असतो. सारे लोक पाहून राहिले होते. मले सगळ्यांले हात जोडाचे होते. लेकरू होऊन कसं चालंन?"

आई, तेव्हा माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मला वाटत होतं त्याला माझी लाज वाटली. थोडी वाटलीच असेल, तेवढं मी त्याला माफ करत नाही. पण तो शब्द तू माझ्यासाठी शोधलास आणि तो त्यालाही लागला. मला त्यात जागा मिळत होती. त्याची जागा त्यात जात होती. त्या सभेत मोठा मुलगा असणं, एवढंच त्याच्या अंगात बळ होतं.

पण समजलं म्हणून दुखायचं थांबतं का? तेरा दिवस या घरात माणसं होती, आणि तेरा दिवस मी ताई, आत्या, वहिनीची नणंद, सुमनताईंची धाकटी. सगळे प्रेमानं बोलले. कोणी वाढलं, कोणी डोक्यावरून हात फिरवला. एकेका वाक्यानं मी पुसट होत गेल्यासारखं वाटायचं.

आज निघताना दादानं गाडीची काच खाली केली. "फ्लॅट भाड्यानं दे," म्हणाला, "बंगलोरले जा. ऑफिस तिथं आहे, तुह्यासारखे लोक तिथं आहेत. इथं कोण आहे तुले?" वाईट मनानं नाही म्हणाला. आणि खोटंही नाही. तिथे मला रोज कोणी समजावून सांगायला नको. पण इंग्रजीत मला कोणी रागावत नाही, आई. कोणी जेवायला उठवत नाही. तिथे माझं सगळं बरोबर म्हणतील आणि कोणी आपलं म्हणणार नाही.

मी जाणार नाही. इथेच, मनीषनगरातल्या आपल्या घरात राहीन. दादा चुकेल, मी भांडेन, आणि रविवारी पुन्हा त्यालाच फोन लावीन, कारण तुझ्यानंतर माझ्याशी मराठीत चुकायला तरी तोच उरला आहे. आणि वर्षश्राद्धाला निमजे काका दोन शब्द बोलायला उठायच्या आधी मी उठेन. मामा असतील, दादाचे सासरे असतील, खालच्या काकू असतील. तुझ्यामागे कोण उरलं, ते मी सगळ्यांसमोर सांगेन. दादाचा हात धरून सांगेन, म्हणजे त्याला खाली बसावंसं वाटलं तर बसता येईल. लोक काय म्हणतील ते म्हणोत. मला फक्त एकाच गोष्टीचं वाईट वाटतं, की ते बरोबर झालं की चुकलं, हे ज्या एका माणसाला कळलं असतं, ते माणूस ऐकायला नसेल.

तुझं,
प्रांजल