वेफर्सची प्लेट

अक्का,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला थेर वाटतं. पण काल तुमच्याशिवायची पहिली बैठक झाली. ती कशी झाली, हे तुम्हाला सोडून कोणाला सांगू?

मी आठवी शिकलेला डाळमिलवाला, तुम्ही धुळ्याच्या रिटायर प्राध्यापक. दुकानदार, कारखानदारांना शिकवणारे दहा-बारा कोच महिन्यातून एकदा जळगावात जमायचे, स्वतःचं अडलेलं काम मांडायचे. आपण दोघांनी ऐकायचं. याला कशाला बसवलं, असं लोक विचारायचे. तुम्ही म्हणायच्या, भाऊंना बाजार कळतो, मला पुस्तक. एवढा मान मला घरात नाही मिळाला!

पण ऐकायचं, आणि मी? समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझा सल्ला तयार. म्हणून तुम्ही बरोब्बर माझ्यासमोर बसायच्या. मी तोंड उघडलं की केळीच्या वेफर्सची प्लेट सरकवायच्या. तोंड भरलं की बैठक सुरळीत.

चोपड्याची कोच वंदना तिचं काम मांडत होती, तेव्हा प्लेट लांब राहिली. "तुला नाही जमत, सोड हे काम," मी बोलून गेलो. ती यायचीच बंद झाली. तुम्ही दुखरे गुडघे घेऊन एसटीनं चोपड्याला गेलात, तिला परत आणलंत. मग सगळ्यांदेखत मलाच अहिराणीत विचारलंत, "भाऊ, तुमनं बठ्ठं खरं शे. पन घाई कोनी व्हती, तिनी का तुमनी?"

सगळं खरं असलं तरी घाई माझीच होती, हे कळूनही आठ दिवस तुमचा फोन उचलला नाही मी. मग तिची माफी मागितली. तुमचे आभार मात्र राहिले. आणि तुम्ही तरी हे शेवटचं दुखणं का लपवलंत? मी दवाखाना डोक्यावर घेतला असता म्हणून?

काल वंदनानं पारोळ्याच्या एका दुकानदाराचं मांडलं. सगळ्याला हो म्हणतो, करत काही नाही. उत्तर माझ्या जिभेवर होतं. समोर तुमची खुर्ची रिकामी. प्लेट मीच ओढली. खात बसलो. मग तीच म्हणाली, "मी त्याला बोलूच देत नाही. भाऊ, तुमच्यासारखी वागतेय मी."

सगळे हसले. मीही हसलो. माझं उत्तर वेगळं होतं, अक्का. आणि साफ चुकीचं.

आज तिला फोन करून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून अक्कांच्या खुर्चीत तू बसायचं. तर विचारते, "मला जमेल?"

म्हटलं, प्लेट सरकवता येते ना?

तिनं सरकवली की मी मुकाट खाईन. शब्द देतो.

तुमचा,
डाळमिलवाला भाऊ