कांगारूची बाजू

टाऊन्सव्हिल, शुक्रवार

प्रिय डेस,

कागद बघून हसू नकोस. वरचं सोनेरी ताडाचं झाड या हॉटेलचं आहे. टेबलाच्या खणात बायबलाशेजारी असे पंचवीसेक कागद आणि जाडजूड पाकिटं रचून ठेवलेली असतात. कोण वापरतं कुणास ठाऊक. सकाळपासून मी त्यातले तीन फाडले. नाताळाला तुला जे चार ओळींचं कार्ड येतं ते नोला लिहिते, मी खाली नुसती सही ठोकतो. त्यामुळे तुला पत्र लिहायचं म्हटलं की हात घाबरतो. त्यात तो थकलेलाही आहे. सगळंच थकलेलं आहे, गड्या.

तर आम्ही दोघं सोमवारपासून इथं, समुद्राकाठच्या कसिनोच्या हॉटेलात, नवव्या मजल्यावर राहतो आहोत. लॉटरी लागलेली नाही. नोलाच्या अन्ननळीत गाठ निघाली. मार्चपासून तिला पाव गिळता येत नव्हता, पण ती आपल्या ह्यूएन्डन गावच्या बेकरीवाल्यालाच शिव्या घालत राहिली. गावाकडच्या पेशंटांना ज्या मोटेलात उतरवतात त्याचं छप्पर वादळात गेलं, आणि शर्यतींमुळे शहरात दुसरीकडे खोली नाही. मग इस्पितळाच्या बाईंनी या हॉटेलशी बोलून त्याच भाड्यात आमची सोय लावली. सहा आठवडे रोज किरणांचा शेक, आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. नोला ते घेणार की पहिल्या गाडीनं घरी परतणार, एवढाच प्रश्न आहे. आज शुक्रवार. दुपारी चारपर्यंत डॉक्टरीणबाईंना कळवायचं आहे.

आलो त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं आमच्या पत्र्याच्या पेटीकडे बघून विचारलं, “हनिमून का?” नोला म्हणाली, “हो गं बाई, साठ वर्षं उशीर झाला. गाडी लेट होती, आणि स्टेशन मास्तर हाच होता.” मुलगी मनापासून हसली आणि तिनं आम्हाला समुद्राकडची खोली दिली. पलंग एवढा मोठा की पहिल्या रात्री नोलाला शोधायला हात लांब करावा लागला. सकाळी खाली जेवणाचं दालन मांडलेलं असतं. कोळंबी, खेकडे, आंबे, सात तऱ्हेचे पाव. त्या सगळ्याला वळसा घालून आम्ही कस्टर्डच्या भांड्यापाशी जातो. नोला एक वाटी घेते, अर्धी खाते, उरलेली माझ्याकडे सरकवते. चार दिवसांत माझ्या पोटात जितकं कस्टर्ड गेलं तितकं आयुष्यात गेलं नसेल. नको म्हणवत नाही.

दुपारी ती झोपली की मी गॅलरीत बसतो. समोर इतकं पाणी, पण मला आठवते ती आपली फ्लिंडर्स नदी, दहा महिने नुसती वाळू. शाळेची ती एकच खोली आठवते, खिडकीतून दिसणारं नदीचं पात्र आणि पॅस्को बाईंनी स्वतः रचून फळ्यावर लिहिलेली कविता. तुला तिसऱ्या कडव्यानंतर काही आठवायचं नाही आणि पुढच्या बाकावरून नोला ओठ हलवून तुला सांगायची. मला सगळी पाठ होती, म्हणून माझ्याकडे ती कधी वळून बघायची नाही. ही तक्रार नव्हे. परवा इस्पितळातून परतताना टॅक्सीत मी सहज पहिल्या दोन ओळी पुटपुटलो:

नदी आटली म्हणून काय, वाट तिची आटत नाही;
वाळूखालून चालते ती, कुणालाही भेटत नाही.

नोला खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाईंना कुणीतरी भेटायला हवं होतं.” टॅक्सीवाला म्हणाला, “कविता छान आहे हां, आजोबा.”

बुधवारी डॉक्टर परेरांनी सगळं समजावून सांगितलं. पोरगेलीच आहे, श्रीलंकेची, पण बोलणं सरळ. शेक घेतला तर दोन वर्षं, कदाचित जास्त. नाही घेतला तर नाताळापर्यंत. “पण हे सहा आठवडे जड जातील, नोला. घसा भाजल्यासारखा होईल. नळीनं खावं लागेल.” नोलानं विचारलं, “आणि त्या दोन वर्षांत मला पाव खाता येईल?” “बहुतेक.” “बहुतेक म्हणजे बेकरीवर अवलंबून.” बाईंना हसावं की नाही ते कळेना. बाहेर आल्यावर मात्र नोला म्हणाली, “क्लेम, मला घरी जायचंय. कोंबड्या शेजारणीकडे आहेत, कुत्रं उपाशी राहील. मी ऐंशीची आहे. आणखी काय बघायचंय?” मी म्हटलं, “माझ्यासाठी घे.” तर म्हणाली, “ते बोलू नकोस. तेच बोलून तू मला आयुष्यभर सगळीकडे नेलंस.” आमचं पोटचं कुणी नाही, तुला ठाऊक आहे. तिला समजवायला मी एकटाच, आणि मी समजावण्यात कधीच हुशार नव्हतो.

त्याच दुपारी ती म्हणाली, “चल, खाली जाऊ. ती चकती वापरू.” हॉटेल प्रत्येक पाहुण्याला दहा डॉलरची एक चकती देतं, खेळून बघा म्हणून. डेस, तिचा बाप आठवतो ना? शाळेच्या मदतीसाठीचं सोडतीचं तिकीटसुद्धा ज्यानं घरात येऊ दिलं नाही, पत्त्यांचा जोड सापडला तर चुलीत घातला. त्याची लेक रविवारची टोपी घालून रूलेटच्या टेबलाशी उभी राहिली. तासभर उभी राहिली. चाक फिरवणारी मुलगी दोनदा म्हणाली, “लावायचंय का, आजी?” “बघते आहे गं.” शेवटी चकती न लावताच मागे वळली. पोकी मशिनांच्या, त्या नाणी गिळणाऱ्या जुगाराच्या यंत्रांच्या रांगेतून जाताना मला हळूच म्हणाली, “इस्पितळात बाहेर बसतो ना आपण, तिथले लोक आणि हे लोक सारखेच दिसतात. सगळे नाव पुकारायची वाट बघतायत.”

तेव्हाच मला कळलं की तिच्या डोक्यात काहीतरी चाललं आहे, आणि माझ्या डोक्यात तर साठ वर्षं एकच गोष्ट चाललेली आहे.

त्रेसष्ट सालची ती दुपार. मालाच्या शेडमागे आपण दोघं. शनिवारी जत्रेचा नाच होता आणि नोलाला कुणी विचारायचं ते ठरवायचं होतं. तू नुकताच मेंढ्यांची लोकर कातरून आला होतास, अंगाला लोकरीचा वास, पायात नवे कोरे बूट. मी म्हटलं, पेनी उडवू, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला कांगारू; हरणाऱ्यानं तोंड बंद ठेवायचं. पेनी माझी, म्हणजे माझ्या मामाची. रविवारी नदीकाठच्या झाडाखाली नाण्यांचा जुगार चालवायचा तो. तू म्हणालास, “कांगारू.” तू नेहमीच कांगारू म्हणायचास, गावात सगळ्यांना माहीत होतं. मी उडवली, मनगटावर झेलली, हात काढला. राजा. तू वाकून बघितलंस आणि मी पेनी खिशात टाकली. तू माझा हात हातात घेतलास. मग माझ्या बुटांकडे बघून म्हणालास, “या भोकांनी नाचणार तिच्याशी? थांब जरा.” आणि तू तुझे नवे बूट काढून मला दिलेस. ते मला एक नंबर मोठे. पुढे वर्तमानपत्र कोंबून मी त्या रात्री नाचलो. तू तिकिटाच्या खिडकीपाशी माझ्या फाटक्या बुटांत उभा होतास.

पुढचं बरंचसं तुला माहीत आहे. लग्नात माझ्या शेजारी तूच उभा होतास, अंगठी तुझ्याच खिशात होती. जेवणावेळी भाषणाला उभा राहून तू सगळ्यांना सांगितलंस, “राजा पडला म्हणून आज मी इकडे बसलोय.” सगळे हसले, सासऱ्याच्या हातातला काटा मात्र तिथंच थांबला. तुला माहीत नाही ते हे, की नंतर गाडीत नोला मला एवढंच म्हणाली, “मला काय जत्रेतली मेंढी समजलात दोघांनी?” पंधरवड्यात तू न्यू साउथ वेल्सकडे निघून गेलास. मी लोकांना सांगायचो, डेसला दक्षिणेकडची मजुरी बरी वाटते.

काल दुपारी आम्ही पोहण्याच्या तलावाशी छत्रीखाली बसलो होतो. नोलानं हॉटेलचा पांढरा झगा घातला होता आणि त्यावर स्वतःची गवती टोपी. एका बाईनं तिला कुठली तरी श्रीमंत म्हातारी समजून मान लववली. “बघ,” नोला म्हणाली, “बापानं बघायला हवं होतं.” मग म्हणाली, “क्लेम, पेनी काढ.” मी विचारलं, कुठली? “नाटकं करू नकोस. चष्म्याच्या घरात असते ती. राजा पडला तर मी राहते, सोमवारी त्या यंत्राखाली झोपते. कांगारू पडला तर पहिली गाडी, आणि परत विषय काढायचा नाही.” मी म्हटलं, असल्या गोष्टी नाण्यावर ठरवत नाहीत. ती म्हणाली, “एकदा ठरवलीस की.”

मी उडवली, पण पेनी जेमतेम डोक्याएवढी उडाली. मनगटावर झेलली. हात काढला. राजा.

नोलानं हात पुढे केला. मला वाटलं, उठायला आधार हवा आहे. पण तिनं माझ्या मनगटावरून पेनी उचलली आणि शांतपणे उलटली. तिकडेही राजाच होता, डेस. त्या पेनीला कांगारू नाही. कधीच नव्हता. मामानं ती असल्याच कामासाठी बनवून घेतली होती, आणि शेडमागे जाताना मला हे ठाऊक होतं.

“लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तुझी पँट धुताना सापडली,” नोला म्हणाली. “मी ती तीनदा उलटून बघितली. मग परत खिशात ठेवली आणि पँट वाळत घातली.” मी एवढंच विचारलं, की पेनी खरी असती, डेस आला असता, तर तू काय म्हणाली असतीस? ती म्हणाली, “ते मला तेव्हा कुणी विचारलंच नाही ना.” मग टोपी सारखी करत म्हणाली, “काल रात्रभर हो म्हणायचा प्रयत्न केला, तोंडातून निघेना. म्हणून तुझ्याकडून उडवून घेतली. आता निघेल. पण ही वस्तू तुझ्या चष्म्याच्या घरात ठेवून मी सहा आठवडे त्या यंत्राखाली पडणार नाही. तू डेसला लिही. तुझ्या हातानं. पत्र आधी टपालपेटीत पडू दे, मग मी डॉक्टरीणबाईंना फोन करते.” म्हणून हे पत्र. तुझी माफी मागायला मला साठ वर्षं वेळ होता, आणि लिहायला बसलो तो तिचा जीव वाचावा म्हणून; हेही तुझ्यापासून लपवत नाही. पाकिटात हाताला गोल लागेल ती तीच. दोन्ही बाजू बघ आणि काय वाटेल ते कर. उत्तर पाठवलंस तर सहा आठवडे याच पत्त्यावर आहोत. नाही पाठवलंस तरी तिनं राहायचं ठरवलं आहे. सव्वातीन झाले. नोला बूट घालून पलंगाच्या कडेला बसली आहे, पत्र ती स्वतः टाकणार. वाचणार नाही म्हणते. फक्त आत्ता विचारलं, “बुटांचं लिहिलंस?” लिहिलं म्हटलं.

तुझाच,
क्लेम