कापसाची कुंची

ग्योतोकु, जपान

प्रिय मोरिता आजी,

मराठीत लिहितेय, म्हणजे पाठवायचा प्रश्नच नाही.

वृद्धाश्रमात जाताना तुम्ही आमच्या दाराला पिशवी अडकवून गेलात. आत कापूस भरलेली, कडेला करपलेली जुनी कुंची होती. मला चिंधी वाटली. इथल्या नियमाप्रमाणे मी ती जाळायच्या कचऱ्यात टाकली.

आज भेटायला आले, तेव्हा तुम्ही सांगितलंत. युद्धात टोकियोवर बॉम्ब पडले, तेव्हा आईने तीच कुंची भिजवून तुमच्या डोक्यावर बांधली आणि तुम्हाला आगीतून बाहेर काढलं. भूकंपात डोकं झाकायला माझ्या लेकीला, कादंबरीला, उपयोगी पडावी म्हणून दिलीत.

"लेकीला बसते ना?" तुम्ही विचारलंत.

"अगदी बरोबर बसते," मी म्हणाले.

तुम्ही वाकून मलाच धन्यवाद दिलेत.

तुमची शेजारीण,
प्रणिता